दामलेकाकांचा पाहुणा

दामलेकाका पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी नमस्कार वगैरे केला नाही. डाव्या हाताचं बोट माझ्या पाठीवर टेकवलं, उजव्या बोटाने त्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "ठीक. आवाज आहे आत."

मी पुण्याहून वर्क परमिटवर लीड्सला आलो होतो आणि त्यांच्या शेजारी भाड्याने राहत होतो. काका इथल्या हॉस्पिटलात छातीचे डॉक्टर होते. ते रिटायर झाले, त्यांची बोटं झाली नाहीत. सुपरमार्केटात ते कलिंगडं वाजवत. बॉयलर बिघडला की प्लंबरच्या आधी तो वाजवत. माझ्या सेकंडहँड गाडीचं बॉनेट वाजवून "फसलास" म्हणाले, आणि महिन्याभरात गाडीने त्यांचं निदान खरं करून दाखवलं.

असा माणूस दर गुरुवारी म्युझियममध्ये काय बघायला जातो हे कळल्यावर मला हसू आवरेना. पॉलिनेशियातल्या कुठल्याशा बेटावरचा एक पूजेचा ढोल. कमरेएवढा उंच, एकाच खोडातून कोरलेला, तोंडावर शार्कचं कातडं, बुडाशी हात वर करून ओळीने उभी असलेली चिमुकली लाकडी माणसं. आणि हे सगळं जाड काचेच्या आत.

"पेशंट समोर आहे आणि तपासू देत नाहीत," काका कुरकुरायचे. ढोलाला ते 'पाहुणा' म्हणत. "बोटीतून आला, परत कोणी पोचवलाच नाही. मी तरी काय, दोन वर्षांसाठीच आलो होतो."

त्या वर्षी दसरा गुरुवारी आला. काकांनी मलाही बरोबर नेलं. काचेसमोर उभे राहून म्हणाले, "आज आपण वाद्यं पूजतो. याला इथे कोण आहे?" मी "काका, नको" म्हणेपर्यंत त्यांनी काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं होतं आणि परसातलं झेंडूचं फूल काचेखालच्या चौथऱ्याच्या कडेवर ठेवलंही होतं.

गॅलरीवर लक्ष ठेवणारी मार्गारेट धावत आली. काकांना ती चांगली ओळखायची, पण आज तिचा चेहरा असा झाला की जणू काकांनी आत उंदीर सोडला.

"डॉक्टर, ताज्या फुलातून किडे येतात. ते लाकूड खातात, कातडं खातात. पुन्हा असं केलंत तर मला तुमचं येणं बंद करावं लागेल."

काका पांढरे पडले. सॉरी सॉरी म्हणत रुमालाने कुंकू पुसायला गेले आणि होतं तेवढं काचभर फासून बसले. शेवटी मार्गारेटलाच त्यांची दया आली. तिने फूल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं आणि हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी कागदाचं आणा. लाल काही नको."

परतीच्या बसमध्ये काकांनी काहीही वाजवलं नाही. म्हणाले, "गुरुवार गेला असता रे. मग मी आठवडाभर कशाची वाट बघायची?"

घरी पोचल्यावर ते चहासाठी आत घेऊन गेले. एरवी आमच्या गप्पा किचनमध्येच व्हायच्या. पुढची खोली मी पहिल्यांदाच बघत होतो. कोपऱ्यात एक पेटी होती आणि तिच्या शेजारी शालीखाली झाकलेला तबला-डग्गा.

"तुम्ही तबला वाजवता? कधी बोलला नाहीत."

"काकू गायची. मी साथ करायचो." काकू मी येण्याआधीच गेल्या होत्या. मला त्या फक्त भिंतीवरच्या फोटोतून माहीत. "ती गेल्यापासून राहिलंच."

काकांनी कोटाच्या दुसऱ्या खिशातून आणखी एक झेंडू काढला. चेंगरलेलाच होता. पाकळ्या सारख्या करून तो त्यांनी शालीवर ठेवला. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी शालीचं टोक उचललं.

"काका, तपासून बघू या? लागलाय का अजून सुरात?" म्हणत मी बोट पुढे केलं.

दिसेल ते वाजवत सुटणाऱ्या त्या माणसाने माझं मनगट घट्ट धरलं.

"नको रे," काका म्हणाले. "आवाज आहे आत."