तीन पायांच्या मांजरीचं अपील

"अपिलाचा आज शेवटचा दिवस, आणि निकालाची नक्कल कुठे ठेवलीत ते आठवत नाही?" लेकीने तिसऱ्यांदा विचारलं.

बाबांनी तिसऱ्यांदा चष्मा पुसला. "जपून ठेवली होती गं."

"तेच तर! तुम्ही जपून ठेवलेली वस्तू आजवर कुणाला सापडलीय?"

दावा होता एका बाकाचा. फाटकाबाहेर बाबांनी मांडलेला सागवानी बाक. संध्याकाळी त्यावर डावीकडे आई भाजी निवडत बसायची, उजवीकडे बाबा. आई गेली त्याच वर्षी दोन अधिकारी ट्रक घेऊन आले, रस्त्यात येतो म्हणून बाक उचलून नेला आणि विचारायला गेल्यावर म्हणाले, "बाक? कुठला बाक?" बाबांनी दोघांवर दावा ठोकला. चार वर्षं दर तारखेला ते इस्त्रीचा शर्ट घालून, थर्मास घेऊन, तासभर आधीच निघायचे. पोटची चिमणी तान्ही म्हणून लेक मात्र कोर्टात कधी गेलीच नव्हती.

शेवटी दावा फेटाळला. निकालात लिहिलं होतं, 'खूण म्हणून सांगितलेली तीन पायांची मांजर कोणीही पाहिलेली नाही.' ती मांजर लेकीनेच नवव्या वर्षी बाकाच्या पोटाखाली पडून कर्कटकाने कोरली होती. चौथा पाय कोरायच्या आत आईने कान धरून बाहेर काढलं होतं.

"सोडा ना आता, बाबा. बाकासाठी किती झिजायचं?"

बाबांनी माळ्याला शिडी लावली. माळा झाला, गाद्या झाल्या, डाळीचे डबेही झाले. मग लेकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाळीस वर्षं पुस्तकांची बांधणी केलेला माणूस कागद हरवत नाही, चिकटवतो.

"बाबा, चिमणीची चित्रांची वही तुम्ही कधी बांधलीत?"

"मागच्या आठवड्यात." त्यांचा चेहरा उतरला. "पुठ्ठ्याला आतून लावायला कागद हवे होते. ते दोन चांगले जाड होते गं."

वही चिमणीच्या दप्तरात, दप्तर शाळेत. चिमणी वही द्यायला तयार नाही. "आजोबांनी मला दिलीय!" शेवटी वही आणि वहीची मालकीण, दोघींनाही घेऊन वरात कोर्टात पोचली.

"हे काय?" खिडकीतल्या कारकुनाने वही उघडली.

"निकालाची नक्कल."

"हा हत्ती आहे."

"हत्ती कागदाच्या पाठीवर आहे. निकाल खाली चिकटलाय."

"बाई, पाच वाजता खिडकी बंद होते. हत्तीवर मी शिक्का मारू शकत नाही."

"सरस नाही, मैद्याची खळ आहे. वाफेवर सुटेल," बाबा म्हणाले आणि थेट कँटीनच्या किटलीपाशी गेले. ओल्या खळीचा वास सुटला आणि लेक क्षणभर परकरी पोर झाली. टेबलाखाली कागदाच्या कातरणांत बसलेली, वर बाबांचे हात, दारातून आईची हाक. तेच हात आता कागदाचा कोपराही न दुखवता निकाल सोलून काढत होते.

कारकून खिडकीतून मान काढून बघत राहिला. "काका, आमची रजिस्टरं बघाल का हो एकदा? पार खिळखिळी झालीत." आणि पाचाला सहा मिनिटं असताना त्याने अपिलावर शिक्का मारला. "बसा बाहेर, तारीख सांगतो."

व्हरांड्यातल्या बाकावर बाबा उजवीकडे टेकले. चिमणी हातातून पडलेला खडू शोधत बाकाखाली शिरली.

"आई, इथे मांजर आहे! पण एक पाय काढायचा राहिलाय."

लेक गुडघ्यांवर बसली, वाकली, आणि तशीच राहिली. मग तिने हळूच वर पाहिलं. बाबा छताचा पंखा न्याहाळत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिसऱ्या तारखेपासून."

"मग जजसाहेबांना सांगायचं ना! चार पावलांवर पुरावा होता!"

"हळू बोल. पुरावा म्हटला की कुलपात जातो. आणि जिंकलो तरी ठेवू कुठे? फाटकाशी आता गटार आहे." त्यांनी डावीकडच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला. "इथे निदान तारखेला बसायला मिळतं. दावाच संपला, तर कुठल्या तोंडाने येऊन बसू?"

लेक गुडघ्यांवरून उठली, आईच्या जागेवर बसली आणि चिमणीला मांडीवर घेतलं.

कारकून दारात आला. "काका, चार महिन्यांनंतरची तारीख आहे."

लेक ताडकन उठली. "साहेब, जरा लवकरची नाही का मिळणार?"

"तुम्हा सगळ्यांनाच निकालाची घाई, बाई!"

"निकाल होऊ द्या हो सावकाश," ती म्हणाली. "तारखा तेवढ्या जवळजवळ द्या."