धुळीत गेलेला तीळ

स्टुडिओमागच्या अंधाऱ्या खोलीवरून दोघा भावांत आठवडाभर जुंपली होती. धाकट्याला तिथे मोठाले फोटो छापणारा नवा प्रिंटर ठेवायचा होता. थोरले त्या खोलीत तीस वर्षं फिल्म धूत आले होते. प्रिंटर आत आलाच तर उंबऱ्यात आडवा पडेन, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. शेवटी पैज लागली. एकाच क्षणी, एकाच माणसाचे दोन फोटो काढायचे, एक फिल्मवर आणि एक डिजिटलवर. दोन्ही सारख्याच मापात छापायचे. ज्याचा सरस, त्याची खोली.

फोटोला बसल्या वहिनी, म्हणजे थोरल्यांच्या पत्नी. निकालही त्याच देणार होत्या, कारण या दोघांच्या तोंडी लागायला दुसरं कुणी तयारच नव्हतं.

दोन्ही कॅमेरे एकदमच वाजले. थोरल्यांनी फिल्म धुतली, दिव्यासमोर धरली आणि त्यांच्या अंगात वारंच शिरलं. काय ती धार! पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा!

मोठा छापायचा तर आधी स्कॅन करणं आलं. थोरल्यांनी हौसेने स्कॅनरवरचा बारकाव्याचा सगळ्यांत मोठा आकडा निवडला आणि संगणकाने तीनदा मान टाकली. चौथ्या खेपेला चित्र उमटलं एकदाचं. फिल्मवरची बारीकशी धूळसुद्धा त्या आकड्याला सुपारीएवढी दिसत होती. वहिनींचा चेहरा कसला, वर्षभर न झाडलेला माळाच तो.

धाकट्याने संगणकावरच ठिपके पुसायची युक्ती दाखवली आणि गालातल्या गालात हसत तो निघून गेला. थोरल्यांना चेव चढला. दिसला ठिपका की टिपला! जेवण झाल्यावर बसलेले ते दिवेलागणीला उठले, पण चित्र कसं लख्ख झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटो भिंतीला टेकवून ठेवले. कोणता कुणाचा, ते वहिनींना सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि थोरल्यांच्या फोटोवर बोट ठेवलं. यात डोळे बोलतायत, म्हणाल्या. थोरल्यांनी या वयात उडी मारली. खोली वाचली होती!

मग वहिनींनी चष्मा लावला.

"अहो, माझ्या ओठावरचा तीळ कुठाय?"

धाकट्याच्या फोटोत तो जागच्या जागी होता. थोरल्यांनी वाकून दोन्ही फोटो पुन्हा पाहिले.

"धूळ वाटली गं."

"अठ्ठावीस वर्षं?"

थोरल्यांनी पुष्कळ गयावया केली. रोल अजून शिल्लक आहे, एकच संधी दे, म्हणाले. वहिनींनी ती दिली, पण कॅमेऱ्याशिवाय. समोर बसा, मला नीट बघा आणि तोंडावर तीळ किती ते सांगा. बरोबर आलं तर खोली तुमची.

थोरले स्टूल ओढून बसले. बघता बघता त्यांना कानाजवळ दुसरा तीळ सापडला, भुवईखाली तिसरा. आणि ही हसू दाबते तेव्हा हिच्या एकाच गालाला खळी पडते, हे आपल्याला आजवर कसं दिसलं नाही! त्यांना अगदी भरून आलं. खोली, पैज सगळं विसरून ते आणखी पुढे झुकले आणि नीट दिसावं म्हणून त्यांनी कॅमेऱ्यातून बघायच्या सवयीने डावा डोळा मिटला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "प्रिंटर आणा आत."