ज्येष्ठता यादी आणि चाळीस नंबरचं बीपी

वाट पाहणे ही पूर्णवेळ कामगिरी असून ती प्रशिक्षित माणसालाच साधते. विमान कंपनीने तात्पुरतं घरी बसवलेल्या वैमानिकाइतकं प्रशिक्षण तर कोणाचंच नसतं. आमचे हे गेले चौदा महिने दिवाणखान्यातल्या खुर्चीत ताठ बसून आहेत. फक्त पट्टा बांधलेला नसतो.

त्यांना परत बोलावण्याची पद्धत अत्यंत न्याय्य आहे. संघटना आणि कंपनी यांच्यात करार झाला, की ज्येष्ठता यादीनुसार पाचारण होईल. करार होत नाही, कारण वाटाघाटी सुरू आहेत. आणि वाटाघाटी सुरू आहेत, म्हणून काळजीचं कारण नाही. पहिले पाच महिने 'पाचारण' या शब्दाच्या व्याख्येत गेले. मग परगावच्या मुक्कामात कॅप्टनला उशा किती, यावर गाडं अडलं. (संघटना तीनवर ठाम. कंपनी दोनवर आली आहे.) आमच्या वतीने बोलणारे नऊही जण ज्येष्ठतेत अगदी वरचे, म्हणजे अजून रोज उडणारे, त्यामुळे त्यांना आमच्या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहता येतं.

"अहो, त्या उशांचं मिटवून टाका म्हणावं ना एकदाचं."

"तो तत्त्वाचा प्रश्न आहे," हे म्हणाले. तेव्हा त्यांच्या डोक्याखाली मुलीचा कापडी ससा होता.

घरी बसवल्यावर माणसाला नाव उरत नाही, घरी बसलेल्यांच्या यादीतला नंबर उरतो. आमचे हे एक्केचाळीस, मी एक्केचाळीसवहिनी. बालवाडीच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' पुढे मी 'वैमानिक' लिहिलं होतं. बाईंनी मुलीलाच विचारून ते खोडलं आणि 'घरी असतात' असं केलं.

गेल्या महिन्यात उशा अडीचवर मिटल्या. (अर्धी उशी म्हणजे नेमकं काय, यासाठी उपसमिती आहे.) पहिल्या चाळिसांना परत घ्यायचं, बाकीच्यांची नावं कायमची कमी करायची, असं एकमताने ठरलं. आता चाळिसातला कोणी वैद्यकीय तपासणीत नापास झाला, तरच एक्केचाळीस वर सरकणार.

यादीमुळे माणसं जवळ येतात ती अशी. मी चाळीसवहिनींना रोज फोन करू लागले.

"भावजींचं बीपी कसं आहे हो?"

"काठावर आहे बाई. मीठ बंद केलंय डॉक्टरांनी."

"अगं बाई! जेवणाला चव नाही म्हणजे हालच की त्यांचे."

दुसऱ्याच दिवशी मी अर्धा किलो खारे काजू घेऊन भेटायला गेले. माणुसकी म्हणून. चाळीसांनी दारातच मूठभर तोंडात टाकले, आणि 'तुम्हीच एक विचारपूस करता' असं म्हणाले. मग मी आठवड्यातून तीनदा जायचा नियम ठेवला. (त्याच सुमारास बेचाळीसवहिनी आमच्याकडे खारे शेंगदाणे देऊन गेल्या. मी पिशवी तशीच कचऱ्यात टाकली. लोकांना लाज कशी वाटत नाही!)

परवा तपासणी झाली. चाळीस नापास झाले. आमच्या ह्यांना आज पत्र आलं, सोमवारपासून रुजू.

हुश्श वाटलं ना? मलाही वाटलं.

चाळीसवहिनींना पाच महिन्यांची मुलगी आहे. मी हे आधी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे तुम्हीही विचारलं नाहीत.