अंजिराच्या मातीचे दोन चिटणीस

चेन्नईतल्या नुंगंबाक्कममधील 'तुंगा निवास' या इमारतीच्या गच्चीवर निळ्या पिंपात एक अंजिराचे झाड होते आणि त्याला यंदा पहिल्यांदाच फळे धरली होती. पुढे जे झाले ते कोणत्याही सुव्यवस्थित इमारतीत झालेच असते, हे आधी स्पष्ट केलेले बरे.

झाड शेषगिरीरावांचे. न्यायालयीन निवाड्यांची मुद्रिते तपासण्यात त्यांची नोकरी सरली होती. दुसऱ्यांच्या चुका काढणे हा व्यवसाय आणि चूक आपलीच असणार हा स्वभाव, अशी त्यांची विभागणी होती. कॉफीत साखर जास्त पडली तर ते साखरेची बाजू समजून घेत. अंजीर त्यांनी पुस्तकांत पुष्कळ वाचले होते. खाल्ले होते ते मात्र वाण्याकडचे, दोरीत ओवलेले, चपट्या चामड्यासारखे. झाडावर पिकलेले, बोटांना मऊ लागणारे अंजीर एकदा तोडून तिथल्या तिथे तोंडात घालावे, एवढी एक इच्छा उरली होती. तिच्यासाठी त्यांनी कोणालाही न विचारता रोप आणून लावले होते. आयुष्यात न विचारता केलेली ही पहिलीच गोष्ट असल्याने ती नियमबाह्य असणार, अशी धास्ती त्यांना होतीच.

धास्ती खरी ठरली. एका संध्याकाळी रहिवासी संघाच्या हरित उपसमितीच्या अध्यक्षा प्रमोदिनीबाई गच्चीवर आल्या. त्या नाशिककडच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे चेन्नईला आल्या होत्या आणि आल्यापासून इमारत सुधारत होत्या. त्यांनी दोन सळ्यांचे एक यंत्र पिंपातल्या मातीत खुपसले.

"काका, तुमचा सामू सात आहे."

शेषगिरीरावांनी घाईघाईने शर्टाची बटणे चाचपली.

"तुमचा म्हणजे मातीचा हो! इथे सगळे पीएच म्हणतात. सातच्या खाली गेला की माती आंबट, वर गेला की चुनखडीची. अंजिराला साडेसहा लागतो. कुठेही वाचा."

"झाड तर बरं दिसतंय," शेषगिरीराव म्हणाले. मग घाईने जोडले, "म्हणजे, मला तसं वाटतं. माझं चुकतही असेल."

"दिसण्यावर काय जायचं, काका? हरित इमारतीची पितळी पाटी देणारे लोक झाड बघत नाहीत, आकडा बघतात. तुम्ही असं करा, आमच्या उपसमितीचे चिटणीस व्हा. रोज संध्याकाळी सगळ्या घरांतला कॉफीचा चोथा गोळा करून घालायचा, आकडा घ्यायचा, आपल्या उपसमितीच्या ग्रुपवर टाकायचा. चालेल ना?"

शेषगिरीरावांना मुळीच चालणार नव्हते.

"चालेल," ते म्हणाले.

आठवडा गेला नाही तोच वरच्या मजल्यावरचा वेंकट जिन्यात भेटला. तो ओरगडमच्या एका मोटार कारखान्यात गुणवत्ता विभागात होता आणि घरातही गुणवत्तेनेच वागे. त्याच्या छतावर ओलीचा डाग होता. डागाला लंकेचा आकार आला होता आणि तो उत्तरेकडे पसरत होता. म्हणून संघाने गळतीप्रतिबंधक उपसमिती नेमली होती व वेंकट तिचा अध्यक्ष होता.

"मामा, गिंडीचा कॉन्ट्रॅक्टर गच्चीला नवा थर देतोय. पण गॅरंटीला एक कंडिशन आहे. वरच्या कुंड्यांतली माती आंबट नको. आंबट पाणी झिरपलं की सिमेंट खातं म्हणे. पीएच साडेसातच्या वरच हवा. तुम्ही एवीतेवी वर जातांच की. आमचे सेक्रेटरी व्हा. थोडा चुना टाकायचा, रीडिंग घ्यायचं. सिंपल."

शेषगिरीराव एक पायरी मागे सरकले. "पण मी संध्याकाळी तिथे दुसरं..."

"संध्याकाळी कोण सांगतो? आमच्या प्लांटमध्ये रीडिंग फर्स्ट शिफ्टला घेतात. सकाळी!"

"सकाळी होय," शेषगिरीराव म्हणाले. त्यांच्याजवळ तेवढा एकच मुद्दा होता आणि तो निकाली निघाला होता.

अशा प्रकारे ते रोज सकाळी गळतीप्रतिबंधक चिटणीस या नात्याने मातीत चुना घालू लागले आणि संध्याकाळी हरित चिटणीस या नात्याने तो चुना मारण्यासाठी चोथा व आंबट ताक घालू लागले. सकाळचा आकडा सकाळच्या उपसमितीला पसंत पडे, संध्याकाळचा संध्याकाळच्या. दोन्ही उपसमित्यांनी आपापल्या यशाबद्दल आपापले अभिनंदन केले. कोणत्याही सरकारी खात्याला हेवा वाटावा असे हे काम होते. एकाच मातीत दोन्ही उद्दिष्टे शंभर टक्के साध्य झाली होती.

"सकाळी चुना अन् संध्याकाळी कॉफी!" त्यांची पत्नी महालक्ष्मी म्हणाली. "तुमच्या झाडाला एक पानसुपारीच द्यायची राहिली, काय हो? घरच्या माणसाचं कोणी इतकं करत नाही."

"ते नियमानं चाललंय."

"नियम झाडाला सांगितलांत की नाही?"

झाडाला सांगितले नसावे, कारण त्याची पाने पिवळी पडून गळू लागली. पण पाने हा विषय कोणत्याच उपसमितीच्या कार्यकक्षेत येत नसल्याने त्याची नोंद घेण्यात आली नाही. फळे तेवढी चिकटून होती. शेषगिरीराव रोज दोनदा त्यांच्याकडे बघत आणि मनातल्या मनात माफी मागत. सकाळी एका नात्याने, संध्याकाळी दुसऱ्या.

हा सुखाचा काळ वेंकटच्या सुटीने संपवला. घरी बसवेना म्हणून तो संध्याकाळी गच्चीवर गेला, यंत्र खुपसले आणि आकडा बघून जिन्याने ओरडतच खाली आला. माती आंबट! प्रमोदिनीबाईंना हे कळताच त्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेल्या. माती चुनखडीची! घातपात झाला आहे यावर दोघांचे एकमत झाले. तो कोणी केला यावर झाले नाही.

"मामा, त्या ग्रीनवाल्यांच्या सेक्रेटरीला कडक पत्र लिहा," वेंकट म्हणाला.

"तो सेक्रेटरी... मीच आहे."

"पर्सनली घेऊ नका. माणसाला नाही, पोस्टला लिहायचं."

शेषगिरीरावांनी पदाला पत्र लिहिले. निवाड्यांची भाषा अंगात मुरलेली, त्यामुळे ते फार चांगले उतरले. संध्याकाळी ते त्यांना मिळाले. इतके बोचरे पत्र त्यांना आजवर कोणी लिहिले नव्हते. दोनदा वाचून त्यांनी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि प्रमोदिनीबाईंच्या सूचनेवरून त्याहून बोचरे उत्तर धाडले. तिसऱ्या पत्रापर्यंत 'आपण'चे 'तुम्ही' झाले होते.

"जेवत का नाही?" महालक्ष्मीने विचारले. सांबार ताटात निवून चालले होते.

"त्यानं माझ्या सचोटीवर शंका घेतली आहे."

"कोणी?"

"सकाळच्यानं."

महालक्ष्मीने रसमचे पातेले जरा लांब सरकवले, कारण अशा अवस्थेत माणसाला काय झेपेल सांगता येत नाही. "मग संध्याकाळच्याला तरी जेवूं द्या," ती म्हणाली.

प्रकरण संघाच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष सेतुमाधवराव हे कुठल्याशा खात्याचे निवृत्त उपसंचालक होते. खाते कोणते ते आता त्यांनाही नीट आठवत नसे, पण उपसंचालकपण शाबूत होते. त्यांनी खालच्या वाहनतळात सुनावणी ठेवली. तुंगा निवासात तंजावरकडची मराठी कुटुंबे बरीच. तिथली सभा इंग्रजीत उघडे, तमिळमध्ये रंगे आणि वर्मी लागायची वेळ आली की मराठीवर येई. त्या दिवशी ती पहिल्या वाक्यापासून मराठीत होती.

समोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. डावी हरित चिटणीसाची, उजवी गळतीप्रतिबंधक चिटणीसाची.

"डावीकडे बसा, शेषगिरीराव. हं. हरित चिटणीस, मातीत कॉफीचा चोथा कोणी घातला?"

"मी."

"लपून?"

"नाही. मी तिथे होतो ना."

"आता उजवीकडे या."

शेषगिरीराव उठले, धोतर सावरले आणि उजवीकडे बसले.

"गळती चिटणीस, हे चोथा घालतात हे तुम्हांला माहीत होतं?"

"होतं."

"मग अडवलं का नाही?"

"दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ... बरं दिसलं नसतं."

"बघा!" सेतुमाधवराव सभेकडे वळले. "याला म्हणतात सभ्य गृहस्थ. आणि एक हे!" त्यांनी रिकाम्या डाव्या खुर्चीकडे बोट केले. सभेने खुर्चीकडे तिरस्काराने पाहिले. शेषगिरीरावांनीही पाहिले. त्यांना तिची लाज वाटली.

"सर, दोघांचाही दोष नाही," वेंकट उठून म्हणाला. "आमच्या प्लांटमध्ये रीडिंग असं हललं की विचारतात, यात बाहेरून आलेलं काय आहे? माती तीच. पिंप तेच. मीटर तोच. मग उरलं काय?"

सभा बोटांवर मोजू लागली.

"झाड!" वेंकट म्हणाला.

"बरोबर!" प्रमोदिनीबाई पहिल्यांदाच त्याच्या बाजूने बोलल्या. "मुळं मातीतलं काय काय ओढून घेतात, मीही वाचलंय. झाड असेपर्यंत आकडा स्थिर राहणारच नाही. म्हणजे दोन्ही उपसमित्यांचं काम चोख होतं!"

"चोखच होतं!" वेंकट म्हणाला, आणि दोघांनी एकमेकांना थंडगार पन्नीर सोडा, म्हणजे गुलाबपाण्याचा, दिला.

सेतुमाधवरावांनी ठराव सांगितला. मातीच्या स्थैर्याच्या दृष्टीने पिंपातील बाह्य घटक काढून टाकण्यात यावा. दोन्ही मर्यादांचा मध्य म्हणून सात हा आकडा कायम करण्यात यावा. पाटीवाले पाहुणे येत्या रविवारी संध्याकाळी येत असल्याने घटक त्याच सकाळी काढावा.

"अय्यो, नको म्हणा की हो!" जिन्याच्या दारातून महालक्ष्मीचा आवाज आला. "फळं धरलीत त्याला! चार दिवस थांबलां तर पिकतील!"

"सभासद नसलेल्यांनी बोलू नये. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?"

"यांच्या. पण यांना बोलतां येत नाही म्हणून मी बोलते."

"नोंद होणार नाही," सेतुमाधवराव म्हणाले. "सभासदांपैकी कोणाची हरकत?"

शेषगिरीरावांची हरकत होती. ती पोटातून निघून गळ्यापर्यंत आली होती, तिचे व्याकरणही त्यांनी मनात तपासले होते. पण ते उजव्या खुर्चीवर होते. झाडाची बाजू मांडणे हे हरित चिटणीसाचे काम. गळतीवाल्याने तोंड घातले तर ते अतिक्रमण ठरेल. त्यांनी आशेने डावीकडे पाहिले. डावी खुर्ची गप्प होती. तेव्हा ते धीर करून उठले आणि डावीकडे जाऊन बसले. तिथे बसल्यावर आठवले की या खुर्चीची सभेत आता काही किंमत उरलेली नाही. वजन आहे ते उजवीकडच्या सभ्य गृहस्थांच्या शब्दाला. त्यांनी विनवणीच्या नजरेने उजवीकडे पाहिले. तिथूनही कोणी काही बोलेना. इतका वेळ ज्याच्याशी आपण पत्रव्यवहार केला, तो ऐनवेळी असा मूग गिळून बसेल असे त्यांना वाटले नव्हते.

"सर्वानुमते," सेतुमाधवराव म्हणाले.

रविवारी सकाळी वेंकटने स्वतः झाड उपटले. मुळांना चिकटलेला मातीचा कण न् कण त्याने झटकून पिंपात परत टाकला, कारण माती ही संघाची मालमत्ता होती. झाड गच्चीच्या कोपऱ्यात आडवे पडले. महालक्ष्मी वर गेली, ओच्यात हिरवी फळे घेऊन खाली आली आणि त्यातल्या त्यात मोठे एक तिने नवऱ्याच्या ताटात ठेवले.

"खा. झाडावरचं आहे."

ते दगडासारखे होते. शेषगिरीरावांनी चावा घेतला. पांढरा चीक ओठांवर आला, जीभ आवळली, डोळ्यांत पाणी उभे राहिले.

"कसं आहे?"

"छान आहे," शेषगिरीराव म्हणाले आणि उरलेलेही खाल्ले.

संध्याकाळपर्यंत चिकाने त्यांचे ओठ सुजून जांभळाएवढे झाले. पाहुण्यांनी पिंपातल्या मातीत यंत्र खुपसले, तीनदा आकडा बघितला आणि अशी निश्चल माती आपण आख्ख्या शहरात पाहिली नाही, असे सांगितले. टाळ्या पडल्या. फाटकावर पितळी पाटी लागली. दोन पदांबद्दल शेषगिरीरावांच्या खांद्यांवर दोन शाली घालण्यात आल्या आणि चेन्नईच्या उकाड्यात त्यांनी त्या दोन्ही शेवटपर्यंत वागवल्या. सुजलेल्या ओठांमुळे त्यांना सत्काराला उत्तर देता आले नाही. फरक कोणाच्या लक्षात आला नाही.

आता वाचक विचारतील, या गृहस्थाने तोंड का उघडले नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपल्या इमारतीच्या मागच्या सभेचे इतिवृत्त काढून पाहावे. घरकामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, हा ठराव त्यात सर्वानुमते संमत झाल्याचे दिसेल. त्या सर्वांत आपण होतात, तिसऱ्या रांगेत. घरी आल्यावर, सभेत काय झाले असे विचारले तेव्हा, भजी गरम होती असे आपण सांगितलेत.