पॉवर सप्लाय बघण्याचा कार्यक्रम

आमच्या संगणकात नवा पॉवर सप्लाय बसवण्याआधी हार्ड डिस्कच्या घरचे त्याला रीतसर बघून घेतात. त्याप्रमाणे रविवारी सकाळी दहाला तिचे वडील मदरबोर्ड आणि मामा प्रोसेसर बैठकीच्या खोलीत येऊन बसले. हार्ड डिस्क आत थांबली. विहिरींच्या परिभाषेचा माझा अकरा वर्षांचा कोश तिच्याजवळ होता. दुसरी प्रत नव्हती. काढावी की नाही, यावर माझा विचार चालू होता.

जुना पॉवर सप्लाय गेल्या महिन्यात वारला. बारा वर्षांत त्याची कुणाला आठवणही झाली नव्हती, इतका तो चांगला होता. नवा मी स्वतः निवडला. दुकानदार म्हणाला होता, "सर, हातात घेऊन वजन तर बघा!" मी बघितलं होतं.

माझ्या पत्नीने, कुमुदने, पोहे ठेवले. ते कुणी खाणार नव्हतं, पण न ठेवणं बरं दिसलं नसतं.

"वर पाचशे वॅट लिहिलंय," मदरबोर्ड म्हणाले. "खरे किती?"

"पाचशेच," पॉवर सप्लाय म्हणाला. "काम नसेल तेव्हा."

"तुमचे थोरले बंधू कुठे असतात?"

"एका शाळेत होते. एकदा वीज जरा कमीजास्त झाली. ते गेले, आणि जाताना सगळ्यांना घेऊन गेले."

"वजन मात्र चांगलं आहे त्याचं," मी घाईने म्हणालो.

प्रोसेसरमामांनी झाकण उघडायची परवानगी मागितली. आत चार तारा, एक पंखा आणि तळाशी सिमेंटचा ठोकळा होता.

"अहो, पीएच.डी. ना तुम्ही?" कुमुद म्हणाली. "मी कलिंगडसुद्धा चीर मारून बघते."

"माझ्या प्रबंधातही निम्मी पानं संदर्भसूचीचीच होती," मी म्हणालो. कुणी नाही म्हणालं नाही.

मदरबोर्डांनी पोह्यांची बशी हलकेच बाजूला सारली. "स्थळ पसंत नाही. आणि आता मुलगी इथे ठेवणंही आम्हाला धोक्याचं वाटतं. वरच्या मजल्यावर तांबोळी वकिलांकडे चांगला पॉवर सप्लाय आहे. दहा वर्षांची हमी, तीही लेखी. आम्ही सगळेच तिकडे जातो."

"आणि माझा कोश?"

"तो तिच्याबरोबर जाईल. स्त्रीधन आहे ते."

मला आक्षेप घ्यायचा होता. पण कायदा तपासल्याशिवाय बोलणं योग्य वाटेना. तोवर कुमुदने हार्ड डिस्कची ओटी भरली होती.

पंधरा दिवसांनी वरून हार्ड डिस्कची चिठ्ठी आली. वीज वेळेवर मिळते, घरात मान आहे. 'रहाट' या नोंदीतली माझी चूक तिने दुरुस्त केली आहे. कोश याच वर्षी छापायला जाईल, आणि प्रस्तावनेत माझे आभार मानलेले असतील.

पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठी उडू नये म्हणून मी तिच्यावर पॉवर सप्लाय ठेवला आहे. वजन खरोखरच चांगलं आहे.