ठेवणी कोठे ठेवावी, याची बखर

श्री अन्नपूर्णा प्रसन्न असो, आणि नसली तर निदान चूल पेटती असो. शके सतराशे एकोणसत्तर, करपटनाम संवत्सरे, ज्येष्ठमासी एका दौलतीत वर्तमान घडले ते ऐसे. दौलतीचे नाव पुसाल तर सांगणार नाही. सांगितले तर दहा दौलती उठोन म्हणतील की ही आमचीच बदनामी केली, आणि दहाही खरेच बोलतील. आजवर ज्यांनी बखरी लिहिल्या त्यांनी तोफा लिहिल्या, हत्ती लिहिले, कोण पडला आणि कोण पळाला ते लिहिले. परंतु पळोन आलेल्यांस जेवू कोणी घातले, आणि ते उकळते पातेले चुलीवरून उतरोन ठेविले कोठे, हे एकानेही लिहिले नाही. सबब आम्ही लिहितो. राग येईल त्यास येवो.

तर त्या दौलतीचे थोरले सरकार यांस टोपीकरांचे बंदराहून एक मेज आले. मेज शिसवी, वर रोगण ऐसे की पाहणाराने आपले नाक त्यात पाहावे. तोपर्यंत सरकार पाटावर मांडी घालोन जेवीत असत आणि अन्न पचत असे. मेज आले आणि सरकार खुर्चीवर चढले, आणि पाय लोंबकळू लागले, आणि पाय लोंबकळले म्हणजे दौलत पुढे गेली ऐसे कारभारी विसोपंत यांनी भर दरबारी सांगितले. विसोपंत कोण, तर ज्यांच्या पगडीच्या घड्या दुरोन मोजाव्या आणि बुद्धीची घडी जन्मात मोडली नाही, ऐसे पुरुष. मग पहिलेच दिवशी मुदपाकखान्यातून आमटीचे पातेले आले, आणि मेजावर टेकले, आणि उचलले तो रोगणावर पांढरे धोट वर्तुळ. दरबार धावला. जोशीबोवांनी वाकोन वर्तुळ पाहिले आणि सांगितले की, "हे चंद्राचे खळे, यंदा पर्जन्य उत्तम." सरकारांस पर्जन्य नको होता, मेज पाहिजे होते. सरकार कोपले, आणि विसोपंतांनी त्या कोपास पंख्याने वारा घातला. कारण त्यांचा मेहुणा गणोबा, ज्यास वरण आणि धुणे यांतील पाणी वेगळे ओळखता येत नाही, तो मुदपाकखान्याच्या मक्त्यावर टपोन बैसला होता. मग सरकार राणीवशात जाऊन चिमाबाईसाहेबांस बोलिले की, "आणखी एक वर्तुळ मेजावर उमटले की मुदपाकखाना तुमचेकडोन काढोन गणोबास देऊ." बाईसाहेब म्हणाल्या, "आणि जेवाल काय?" सरकार म्हणाले, "तो राजकारणाचा प्रश्न आहे." आता बाईसाहेबांचे हाती सबंध दौलतीत होते तरी काय? शिक्का नाही, किल्ला नाही, मसलतीत बसावयास पाट नाही. एक मुदपाकखाना होता. तेथे त्या म्हणतील तेव्हा फोडणी पडे, आणि मागच्या दारास आलेला कोणी उपाशी परतला नाही. तेवढेच त्यांचे राज्य, आणि ते एका पांढऱ्या वर्तुळावर येऊन ठेपले.

मग बाईसाहेबांनी पेटी उघडिली आणि लग्नातले सुती लुगडे काढिले, डाळिंबी अंगाचे, हिरव्या काठाचे. दासी लाडी ओरडली, "अगं बाई, बाईसाहेब! हे तर तुमचे ठेवणीतले!" बाईसाहेब म्हणाल्या, "होय गं. सणास नेसू म्हणोन ठेविले. सण आला की कधी सोयर, कधी सुतक, कधी सरकारांची मर्जी वाकडी. आज काढिते तो घडीघडीवर विरलेले. अंगावर फाटते तर निदान मजा तरी येती. आण ती कातर." मग जेथे घडी नव्हती तेथील कापड शाबूत होते, त्याचे चौकोन कातरिले, आणि चौकोन दुमडिला, आणि दुमडीची दोन्ही टोके खाली मोडोन त्रिकोण केला, जैसा पानाचा विडा, आणि ऐशा विड्यांची टोके मधोमध भिडवोन एक फेर मांडिला, आणि त्याचे मागे थोडे सरकोन काठाच्या हिरव्या विड्यांचा दुसरा, आणि त्याचे मागे जुन्या चंद्रकळेच्या काळ्या विड्यांचा तिसरा, आणि दर टोकास एक टाका ऐसा की दिसू नये आणि सुटूही नये, खाली घोंगडीचे दुहेरी अस्तर, की आच मेजास लागू नये, कडेस खणाचा गोट, आणि खुंटीस टांगावयास एक नाडी. लाडी म्हणाली, "बाईसाहेब, हे तर कमळ उमललं की हो." बाईसाहेब बोट चोखीत म्हणाल्या, "कमळ असो की कोबी, पातेले पेलले म्हणजे जाहले." मग त्यावर आमटी ठेविली, आणि खिरीचे भांडे ठेविले, आणि उचलोन पाहिले तो मेज जैसेच्या तैसे. बाईसाहेब त्या रात्री पोटभर जेवल्या.

इतके होऊन सुख असावे. परंतु दौलतीत चांगली वस्तू दिसली की तिचा सत्कार होतो आणि सत्कार जाहला की ती वस्तू मेली. एके दिवशी सरकारांची नजर पातेल्याखाली गेली आणि पुसिले, "हे काय?" बाईसाहेब म्हणाल्या, "ठेवणी." खाली ठेवावयाची ती ठेवणी, सरळ नाव, त्यांनी तेव्हाच जिभेवर आले ते सांगितले. तो विसोपंत खुर्चीवरोन उठले आणि म्हणाले, "ठेवणी! वाहवा! आणि ठेवणीची चीज आमटीखाली? शिव शिव! सरकार, घड्या पाहा घड्या! आमच्या पगडीस खाली पाहावयास लाविले. ठेवणी ती ठेवणीतच गेली पाहिजे." बाईसाहेब म्हणाल्या, "अहो कारभारी, ठेवणी म्हणजे हिच्या वर ठेवायचे, हिला आत ठेवायचे नव्हे!" वाद पडला. मग जोशीबोवांस बोलाविले आणि अर्थ पुसिला. त्यांनी डोळे मिटोन सांगितले की, "व्याकरणे दोन्ही अर्थ होतात. जेथे दोन्ही होतात तेथे कारभारी घेतील तो घ्यावा, ऐसा शिष्टसंप्रदाय आहे." बाईसाहेब म्हणाल्या, "मग व्याकरण हवे कशास?" ठेवणी धुवोन, अत्तर लावोन, दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात मांडिली, आणि किल्ली विसोपंतांचे कमरेस गेली, आणि येणारे जाणारे काचेस नाक लावोन म्हणत, "काय हो बाईसाहेबांचे हात!" आणि त्याच हातांस आता ऊन पातेले ठेवावयास जागा नाही, हे एकाही डोळ्यास दिसले नाही. ते कमी पडले म्हणोन विसोपंतांनी दवंडी पिटविली की, ऐसी नामी चीज दौलतीत असता भांड्याखाली फडकी, चिंध्या, चुंबळी घालणे ही दौलतीची बेअब्रू होय, जो घालील त्याचे पारिपत्य होईल. तेव्हापासोन वाढणाऱ्या बाया पातेले पदराने धरोन उभ्या राहात आणि उभ्यानेच वाढीत. लाडीचे तळहात सोलले. पावसाळा ऐसा गेला.

पुढे आश्विनमासी व्याहीसरकार भेटीस आले. विसोपंतांनी मसलत केली आणि सरकारांस सांगितले की, "शेजारच्या दौलतीचा मान मोठा. पातेले हाती धरोन वाढणे हे खानावळीचे लक्षण. भरले पातेले व्याह्यांपुढे मेजावर मांडावे. भुईवर ठेविले तर अपमान, आणि अपमान म्हणजे लढाई." सरकारांनी मान डोलाविली. गणोबा नवे धोतर नेसोन, हाती पळी घेऊन, दाराआड उभाच होता. मग पंगत बैसली, आणि कटाची आमटी ऐसी जाहली होती की विसोपंतांस पहिल्याच वाटीस घाम फुटला, आणि दुसऱ्या वाटीस पगडी काढोन त्यांनी मेजावर ताटाशेजारी ठेविली, आणि रिती वाटी पुढे करोन म्हणाले, "आणखी आणा! पातेलेच आणा!" तेव्हा बाईसाहेब स्वतः पातेले घेऊन आल्या, कारण लाडीचे हात त्या जोगे राहिले नव्हते. आमटी रटरटत होती, पदरातून चटके बसत होते. बाईसाहेब म्हणाल्या, "कारभारी, कपाट उघडा. ठेवणी द्या." विसोपंत म्हणाले, "बाईसाहेब, ती ठेवणीतली." "मग फडके द्या." "दवंडी आहे." "मग ठेवू कोठे?" विसोपंत दाराकडे पाहोन हसले आणि म्हणाले, "मेजावर. आणिक कोठे?" सरकार ताटात पाहात राहिले. भात कालविला होता, तोच पुन्हा कालवू लागले. आपल्या बायकोचे हात भाजत असता जो भात कालवितो त्यास थोरले म्हणावयाचा या दौलतीत रिवाज आहे, सबब आम्हीही म्हटले.

बाईसाहेबांनी एकवार मेज पाहिले, एकवार दार पाहिले, आणि पातेले ठेविले ते विसोपंतांच्या पगडीवर. नीट मधोमध. पगडी किंचित बसली, चर्र ऐसा आवाज जाहला, आणि करपल्या जरीचा वास सबंध दिवाणखान्यात दरवळला. विसोपंत उठोन ओरडले, "बाईसाहेब! माझी पगडी!" बाईसाहेब म्हणाल्या, "होय पंत, ओळखिली. घड्या उत्तम आहेत. आच खाली जात नाही. बसा, आमटी निवेल." व्याहीसरकारांस ठसका लागला, तो हसण्याचा होता. पाणी पिऊन ते म्हणाले, "विहीणबाई, आमच्याकडे पगड्या पुष्कळ, पण आजवर एकही कामास आली नाही. आम्हांसही थोडी वाढा." मग पातेले उचलिले, पगडी उचलिली, सरकारांनी खाली वाकोन मेज पाहिले. वर्तुळ नव्हते. बाईसाहेब म्हणाल्या, "सरकार, शब्द मेजाचा होता. पगडीचा नव्हता." शब्द व्याह्यांदेखत मोडता येईना. सरकार म्हणाले, "मुदपाकखाना तुमचाच." आणि दाराआड पळी भुईवर पडल्याचा आवाज आला. मग बाईसाहेबांनी हात पुढे केला आणि विसोपंतांनी निमूट किल्ली दिली. कपाट उघडिले तो ठेवणीस कसर लागलेली. डाळिंबी विडे जागोजाग खाल्लेले, मधली टोके भुगा. लाडी रडू लागली. बाईसाहेबांनी ठेवणी दोन वेळा झटकली, भुगा विसोपंतांचे अंगावर उडाला, आणि म्हणाल्या, "रडतेस काय? अस्तर शाबूत आहे. आण ते पातेले." आणि त्याच भोकाभोकाच्या ठेवणीवर आमटी ठेविली, आणि सर्वांस पोटभर वाढिली, विसोपंतांसही, कारण मुदपाकखाना बाईसाहेबांचा होता.

तात्पर्य इतकेच. दुसरे दिवशी विसोपंत ती डागाची पगडी घालोन दरबारी आले, आणि दरबाराने ती नवी चाल समजोन आपापल्या पगड्या तव्यावर शेकिल्या; आजही त्या दौलतीत मोठा माणूस करपट वासावरून ओळखतात. मेज अद्याप चकचकीत आहे. ठेवणी झिजोन गेली, तिच्या जागी दुसरी आली, तीही झिजेल. हे येणेप्रमाणे जैसे घडले तैसे लिहिले. वाचणाराने ही बखर रेशमी रुमालात गुंडाळोन पेटीत ठेवू नये, कसर लागेल. वाचोन जाहली की दुमडावी आणि हिच्यावर पातेले ठेवावे.