उष्टं न टाकणारा वॉर्ड

अन्न खाण्यासाठी असतं, असा एक समज सुशिक्षित समाजातही अजून तग धरून आहे. उत्तर स्वीडनमधल्या एका जिल्हा रुग्णालयाने तो बराच खोडून काढला. तिथल्या भोजनगुणवत्ता समितीच्या मते अन्न असतं ते उरू नये म्हणून. दुपारी प्रत्येक वॉर्डातून परत आलेलं उष्टं वजनकाट्यावर चढे, आणि ज्या वॉर्डाचं उष्टं कमी, तो वॉर्ड चांगला. (उष्टं कमी का, हे काटा सांगत नसे. त्याला ते विचारणं समितीला सभ्यपणाचं वाटलं नाही.)

या सुव्यवस्थेत सिक्स्टेन व्हालग्रेन नावाचा निवृत्त बेकर येऊन पडला. त्याच्या आतड्याला पीळ पडला होता. सर्जन शिरीनने काळा पडलेला तुकडा काढून दोन टोकं शिवली, पण काही दिवसांनी शिवण पाझरू लागली.

"भरून येईपर्यंत तोंडाने काही नाही," ती म्हणाली.

"कॉफी?"

"तू ती कशाने पितोस?"

(त्या देशात राजघराणं वगळता सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. पोट फाडणाऱ्या बाईशी इतकी सलगी सोयीचीच पडते.)

मग त्याच्या गळ्याखालच्या मोठ्या शिरेत नळी बसवली गेली आणि पलंगाशेजारी दुधासारखी पांढरी पिशवी लटकली. साखर, चरबी, प्रथिनं, जीवनसत्त्वं असं सगळं जेवण तिच्यातून थेंबाथेंबाने परस्पर रक्तात. ही पिशवी नसती तर सिक्स्टेन पोटाच्या दुखण्याने नाही, उपासाने गेला असता, हे इथे कसलाही खोचकपणा न करता नोंदवायला हवं.

तरी त्याचे हाल व्हायचे ते झालेच. ज्या माणसाने जन्मभर पहाटे कणीक जिभेवर ठेवून मिठाचा अंदाज घेतला, त्याची जीभ आता तोंडात नुसती पडून होती. झोपेत त्याचा जबडा हलायचा. बायको माइ-लिस रोज यायची. त्याला त्रास नको म्हणून ती बाहेरच खाऊन, चूळ भरून, पुदिन्याची गोळी चघळून आत शिरायची.

"तू बन खाल्लास," सिक्स्टेन म्हणायचा.

"छे."

"वेलची जास्त पडलीय त्यात. खालच्या कँटीनचा ना?"

माइ-लिस खिडकीकडे बघत बसायची.

इकडे सहामाही आकडे जाहीर झाले. बाळंतिणींचा वॉर्ड: माणशी एकशेचाळीस ग्रॅम उष्टं. हाडांचा वॉर्ड: एकशेदहा (त्यात बहुतांश उकडलेलं गाजर). आतड्यांचा छोटा वॉर्ड: शून्य. तिथले सगळेच रुग्ण पिशवीवर होते, हा तपशील तक्त्यात मावत नव्हता. समिती भारावून गेली. इतर वॉर्डांनी या वॉर्डाचा अभ्यास करावा, असं पत्रक निघालं. हाडांच्या वॉर्डातल्या तिघी नर्सेस खरोखरच येऊन पिशव्यांकडे पाहून गेल्या. वॉर्डाला 'सोनेरी पळी' हा पुरस्कार जाहीर झाला.

समितीचा समन्वयक टोर्केल स्वतः भेटीला आला. स्वभावाने फार चांगला माणूस, कुणाचं मन दुखवणं त्याला जमत नसे.

"जेवण कसं वाटतं?" त्याने विचारलं.

"कळत नाही," सिक्स्टेन म्हणाला.

"म्हणजे तक्रार नाही," टोर्केल समाधानाने म्हणाला.

त्याच आठवड्यात शिरीनने तपासणी करून सांगितलं, की शिवण भरून आली आहे. "उद्यापासून सूप घे. ते पोटात टिकलं की ही नळी काढते. ती राहते तोवर जंतूंना दार उघडंच आहे."

दुपारी टोर्केल पलंगाच्या कडेला अवघडून बसला. "समारंभ गुरुवारी आहे. वर्तमानपत्रवाले येतील. तू शुक्रवारी जेवायला सुरुवात केलीस तर चालेल का? सक्ती नाही. अजिबात नाही."

सिक्स्टेन जन्मात कुठल्या रांगेत मध्ये घुसला नव्हता, की कुणाला नाही म्हणाला नव्हता. शिवाय आतून त्याला भीती वाटत होती. शिवण पुन्हा उसवली तर? पिशवीने काही उसवत नाही. त्याने शिरीनला सांगितलं, की भूकच नाही. तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "शुक्रवारपर्यंत थांबते. पुढे नाही."

गुरुवारी समारंभ थाटात झाला. भाषणात 'अन्नाबद्दलची कृतज्ञता' हे शब्द बऱ्याच वेळा आले. सिक्स्टेनचा पिशवीसह फोटो निघाला. मग बदामाच्या हिरव्या थराचा केक कापला गेला आणि पाहुण्यांनी उभ्याउभ्या अर्धा-अर्धा खाऊन बशा त्याच्या टेबलावर ठेवल्या. (पाहुणे रुग्ण नसल्यामुळे त्यांचं उष्टं मोजायची तरतूद नाही.) सिक्स्टेन त्या बशांकडे बघत राहिला. एकीत सायीचा अख्खा गोळा तसाच होता.

संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली. दात वाजू लागले, ताप चढला. नळीतून जंतू रक्तात गेले होते. शिरीनने नळी तिथल्या तिथे काढली आणि औषधं सुरू केली.

"भूक नव्हती ना तुला?"

"खोटं बोललो."

"का?"

"टोर्केलला वाईट वाटलं असतं."

माइ-लिस कोपऱ्यात कोट घालूनच बसली होती. "आणि मला?" ती म्हणाली. एवढंच. दोन दिवस सिक्स्टेन त्या प्रश्नासकट तापाशी झुंजला.

ताप उतरल्यावर रानगुलाबाच्या फळांचं कोमट सूप आलं. पहिला चमचा त्याने तोंडात इतका वेळ धरला, की माइ-लिस घाबरली. "गिळ ना," ती म्हणाली. "थांब," तो हाताने म्हणाला. आंबट होतं, थोडं दाट, आणि साखर कमी पडली होती. तासाभरात त्याने निम्मी वाटी संपवली. शिवण टिकली. उरलेली वाटी काट्यावर गेली.

त्या दिवशीच्या तक्त्यात वॉर्ड चौथ्या क्रमांकावर घसरला. समितीने शिरीनकडून खुलासा मागवला. तिने लिहिलं: 'रुग्ण बरा झाला.' समितीने ही अपवादात्मक परिस्थिती म्हणून मान्य केली.

सिक्स्टेन घरी परतला त्या रविवारी मुलगा उल्रिक जेवायला आला. माइ-लिसने मासा भाजला, बटाटे लोण्यात परतले. सिक्स्टेन एका बटाट्याला एवढा वेळ लावत होता, की तो थंड पडला. उल्रिकने फोनवर बातम्या सरकवत ताट चाटूनपुसून साफ केलं.

"बटाट्यात काय होतं?" सिक्स्टेनने विचारलं.

उल्रिकने ताटाकडे पाहिलं. "बटाटे होते?"

वाचकांनी त्याला हसण्याची घाई करू नये. ही कथा वाचता वाचता शेजारच्या बशीतलं जे संपलं, त्यात मीठ बरोबर होतं का, एवढं सांगा. बशीकडे न बघता. आठवत नसेल, तर उष्टं शून्य ग्रॅम. अभिनंदन, आणि गळ्याशी नळी नाही ना, एवढं एकदा चाचपून बघा.